भरेल टॉप

दुपार कलली की दगूबाई ओट्यावर येऊन बसायची आणि नदीकडे कान लावायची. जरा वेळ बरी असायची. मग चेहरा उतरायचा, हातातलं सूप बाजूला पडायचं आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "इंजिन बंद काबर पडनं? देखा ना कोणी जाईसन. तेस्ले काही व्हयनं ते नहीं?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं या बाईला? नदीवरचं ते पाण्याचं इंजिन काय आज बंद पडलेलं होतं? तिचा नवरा दोधूआबा गेले तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता. आणि आबा काही इंजिनपाशी गेले नव्हते. नंदुरबारच्या दवाखान्यात गेले, दगूबाईच्याच मांडीवर डोकं ठेवून. तिनेच तोंडात पाणी घातलं, तिच्याच बांगड्या फुटल्या, तापीच्या काठावर दहाव्याला तीच भिंतीसारखी बसून होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. पण वर्ष उलटलं आणि बाईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी शेजारणींची नावं गेली, मग देवळाची वाट गेली, मग नातवंडं गेली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला एके सकाळी तिने हेमकांतला, पोटच्या पोराला, चहाचा कप देता देता विचारलं, "भाऊ, तुम्ही कोणाकडला?" हेमकांत हसला. हसत हसत गोठ्यात गेला आणि म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून रडला. पन्नाशीचा माणूस, पण माय ती माय.

नवऱ्याचं मरणही असंच कधीतरी निसटून गेलं. राहिली फक्त ही धास्ती.

आणि धास्ती उगाच नव्हती, बरं का. हेमकांत पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या वावरात आबांनी नवंकोरं इंजिन बसवलेलं, दिवसभर त्याची ठुकठुक गावापर्यंत ऐकू यायची. एका दुपारी आवाज मध्येच तुटला. दगूबाई चुलीवरची भाजी तशीच टाकून अनवाणी पळत सुटली. जाऊन पाहते तर आबांच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेलेला आणि माणूस चाकाला आवळलेला. एका हाताने कशीबशी डिझेलची कळ ओढली म्हणून जीव वाचला होता. हिने विळ्याने धोतर कापून नवरा सोडवला. तिथेच दोघांचं ठरलं. संध्याकाळी काम आटोपलं की आबांनी इंजिनचा आवाज दोनदा चढवायचा, दोनदा उतरवायचा आणि मग बंद करायचं. म्हणजे मी धड आहे, घरी निघालो, तवा ठेव. आणि आवाज न चढवता इंजिन थांबलं, तर हिने पळत यायचं. अख्खा संसार या एका खुणेवर झाला. पुढे विजेच्या मोटारी आल्या, तरी वीज नसली की आबा इंजिनच चालवायचे, आणि हिचा एक कान तिकडेच असायचा.

आता तो कान रोज दुपारी इंजिन शोधायचा आणि त्याला ते सापडायचं नाही.

नुसतं विचारून गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती पळायची. एकदा पळाली ती शेजारच्या उसात सापडली, पाय पात्यांनी चिरलेले. त्यानंतर हेमकांतने काळजावर दगड ठेवला आणि दुपारची तिला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायला लागला. ती दार बडवायची. "कोणी शे का? मन्हा माणूस तठे एकला शे!" दार बडवून बडवून थकायची आणि संध्याकाळी सगळं विसरून बाहेर यायची. हेमकांत मात्र विसरायचा नाही. त्याला दुसरं काही नको होतं. मायची दुपार सुखाची जावी, तिच्या मनातली ती भीती निघावी, एवढ्यासाठी तो काय वाटेल ते करायला तयार होता.

एक दिवस दार बडवणं चालू असताना त्याची बायको चेतना वैतागून म्हणाली, "आवो, त्यापेक्षा ते इंजिनच चालू करी टाका ना. आवाज उना म्हणजे आत्याबाई कशाले घाबरतीन?"

ती आपली त्राग्याने बोलली. पण हेमकांतने कपाळावर हात मारून घेतला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये!

दुसऱ्याच दिवशी त्याने पत्र्याच्या शेडमधला कचरा झाडला, उंदरांची घरटी काढली, चाकावरची कोळिष्टकं पुसली. डिझेलचा पंप पार आखडून बसला होता. तो खोलून त्याने धानोऱ्याच्या नवलसिंग मिस्तरीकडे नेला. नवलसिंगने आबांच्या वेळेपासून ते इंजिन पाहिलेलं. आता गुडघे गेले म्हणून तो दुकानातच बसून काम करायचा. त्याने पंप मोकळा करून दिला आणि म्हणाला, "बसाडी ले तूच. दसरानी पूजाले तुन्ही माय चाकले शेंदूर लावे ना, तठेच आबानं टॉपनं निशाण शे, पिस्टन पुरा वर येस ती जागा. ते वर लय आणि पंपना गियर चढाई दे."

झालं. हेमकांतने शेंदराचा ठिपका बरोब्बर वर आणला, इंजिनच्या अंगावरच्या काट्यासमोर ठेवला, गियर चढवला, नट आवळले. मग हँडल घातलं आणि मारायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन ढिम्म. उलट धुराड्यातून कच्चं डिझेल थुंकल्यासारखं बाहेर यायला लागलं. घामाने निथळला, हाताला फोड आले, आबांना, नवलसिंगला आणि स्वतःला सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. शेवटी त्याने नवलसिंगला फोन लावला.

"टॉपले लायं का?" नवलसिंगने विचारलं.

"लायं ना. ठिपका वर शे."

"कोणता टॉपले?"

"कोणता म्हणजे? टॉप काय दहा ऱ्हातस का?"

"दहा नहीं, दोन ऱ्हातस," नवलसिंग म्हणाला, आणि हसला नाही, हे त्याचे उपकार. "पिस्टन दोनदाव वर येस, हेमू. एकदाव हवा कोंडीसन येस. तवय वरना दोन्ही व्हॉल्व बंद ऱ्हातस. तो भरेल टॉप. दुसरांदाव निस्ता धूर बाहेर ढकलाले येस. व्हॉल्व उघडा, आत काहीच नहीं. तो खाली टॉप. तुन्हा शेंदूरना ठिपका दोन्ही येळा आठेच येस, तेले काय समजस? खाली टॉपले डिझेल दिधं तर इंजिन ते थुकीच टाकी."

दर दसऱ्याला हेमकांतने तो ठिपका पाहिला होता, त्याला हात जोडले होते. पण चाक दोन फेरे मारतं तेव्हा कुठे एकदा काम होतं, आणि ठिपका दोन्ही फेऱ्यांना तोच दिसतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मग वळखू कसा?"

"नोझल काढ. भोकवर अंगठा दाबी धर. दुसराले चाक फिरावाले लाव. अंगठाले हवा ढकलनी म्हणजे भरेल. मुकाट वर उना तर खाली. एकला माणूसनं काम नहीं ते. आबा आणि तुन्ही माय दोन्ही मिळी करेत."

फोन ठेवून हेमकांत नोझल काढायला बसला. अंगठा भोकावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक ओढायला गेला, पण हात काही पुरेना. गडीमाणसं सगळी कापूस वेचायला गेलेली. चेतनाला बोलवावं म्हणून त्याने पुन्हा फोन काढला, तर तिचाच फोन आला. पाणी द्यायला दार उघडलं तेवढ्यात आत्याबाई निसटल्या, कुठे गेल्या दिसत नाहीत, असं ती रडवेल्या आवाजात सांगत होती.

तो उठायच्या आतच शेडच्या दारात सावली पडली.

दगूबाई उभी होती. अनवाणी, पदर घामाने भिजलेला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिने इंजिनकडे पाहिलं, मग इंजिनशेजारी उकिडव्या बसलेल्या, डोक्याला उपरणं गुंडाळलेल्या, हात काळे झालेल्या माणसाकडे पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती अशी उतरली की हेमकांतने ती तशी उतरताना कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"आवो," ती म्हणाली, "आठेच शेतस का तुम्ही? मी घाबरी गऊ ना! अजून नहीं व्हयनं का?"

आवो. ही नवऱ्याला मारायची हाक होती. आपल्याला ती 'हेमू' म्हणेल म्हणून त्याने इतके दिवस कान टवकारले होते, आणि आज तिने ओळख दिली ती ही. बोललो तर आवाज परका वाटेल, पुन्हा घाबरेल, या धाकाने त्याने नुसती मान हलवली.

दगूबाईने पदर खोचला. काही न विचारता, कोणी न सांगता, ती चाकापाशी बसली आणि दोन्ही हात कडेला घातले. "धरा अंगठा," ती म्हणाली.

त्याने अंगठा धरला.

ती हळूहळू चाक ओढायला लागली. हात काटक्यांसारखे झालेले, पण पकड तीच. पिस्टन सुळ्ळकन वर आला, शेंदराचा ठिपका काट्याशी येऊन उभा राहिला. अंगठ्याला काहीच लागलं नाही. "हाऊ खाली शे," दगूबाई आपणहून म्हणाली. "हलकं लागनं." आणि पुढे ओढत राहिली. ओढता ओढता बोलायला लागली. बायका कामात बोलतात तसंच, समोरच्याकडे न बघता.

"तुम्हले एक सांगू? रागे भरू नका. हेमू आजकाल मले कोंडी ठेवस."

हेमकांतचा अंगठा भोकावर तसाच राहिला.

"दार लाई लेस बाहेरथीन. मी हाका मारस तर येत नहीं. पण तुम्ही तेले बोलू नका हां. पोरगं चांगलं शे. थकी जास बिचारा. तेन्हं पण कोण शे मन्हाशिवाय? मी बी तेले घोर लाई देस. परवा तेन्हं नाव नहीं उनं मन्हा तोंडमा. तो देखत ऱ्हायना मन्हाकडे, आणि मले नाव येच ना. असं कसं व्हयनं मन्हं, सांगा बरं?"

तिच्या समोर बसून, तिचा नवरा होऊन हे ऐकायची पाळी कोणावर येऊ नये. हेमकांतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिला नाव आठवत नव्हतं, एवढंच नाही. आठवत नाही, हे तिला कळत होतं आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर फक्त आबांना, म्हणून राहून गेलं होतं.

"आते देखा," ती एकदम म्हणाली. "आते वजन लागी ऱ्हायनं."

अंगठ्याखाली हवा आली. आधी नुसती गार फुंकर, मग जोर. तो दाबतोय आणि हवा खालून ढकलते आहे. दगूबाईने दात आवळून चाक आणखी ओढलं आणि फस्सदिशी हवेने त्याचा अंगठा उडवला. इतकी वर्षं बंद पडलेल्या त्या लोखंडात एवढा जीव असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

चाक धरून ती थांबली होती. "सांगा ना, उना का?"

लहानपणी शेडमधून आबांचं असं काही ओरडून सांगणं ऐकू यायचं, हे हेमकांतला आठवलं. त्याने घसा खाकरला, आवाज जाड केला आणि म्हणाला, "उना."

"मंग!" ती म्हणाली आणि पोरीसारखी हसली.

ठिपका पुन्हा त्याच जागी, काट्यासमोर होता. तसूभरही फरक नाही. हेमकांतने पंपाचा गियर काढून या टॉपला बसवला, नट आवळले, नोझल लावलं. तेवढा वेळ दगूबाई पाय पसरून बसली होती आणि केळीच्या घडांविषयी, विहिणीच्या बोलण्याविषयी, कळसाडीच्या कोणा लग्नात भाजी कशी खारट झाली होती त्याविषयी सांगत होती. सगळं जुनं. पण एकही शब्द चुकत नव्हता. मग ती उठून हवा सोडायच्या कळीपाशी गेली, कारण इंजिन सुरू करताना ती कळ पाडायचं काम तिचंच होतं. हेमकांतने हँडल घातलं, अंगातलं सगळं बळ लावून चाक गरगरवलं आणि ओरडला, "सोड!" तिने कळ पाडली. इंजिनने एक उचकी दिली, काळा धूर ओकला, आणि ठुक, ठुक, ठुक करत चालायला लागलं. पाटात पाणी पडलं. दगूबाईने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "चला, मी घर जास. भाकरी टाकस. लवकर या."

चेतना तिला शोधत अर्ध्या वाटेवर आलीच होती. दोघी गेल्या. थोड्या वेळाने चेतनाचा फोन आला. आत्याबाई ओट्यावर बसल्या आहेत, पीठ चाळत आहेत, मध्येच काहीतरी गुणगुणत आहेत. एकदाही उठल्या नाहीत. हेमकांतच्या जिवात जीव आला. इंजिनच्या टाकीला पाठ टेकून तो ती ठुकठुक ऐकत बसला आणि त्याला वाटलं, जिंकलो. रोज दुपारी येऊन हे चालू करायचं. डिझेल जाईल तर जाईल. आजपासून कडी नाही लावायची.

ऊन पिवळं झालं. घरी जायची वेळ झाली. तो उठला, डिझेलच्या कळीला हात घातला आणि तसाच थांबला.

आता हे बंद कसं करायचं?

एकदम कळ ओढली तर माय उसातून पळत येईल. आवाज दोनदा चढवला तर ती तवा ठेवेल आणि दाराकडे बघत बसेल. तिसरा मार्ग नव्हता. इतका खटाटोप केला, भरेल टॉप शोधला, खाली टॉप शोधला, आणि या एवढ्या गोष्टीचा विचार आपण केलाच नाही! तो कळीवर हात ठेवून उभा राहिला. टाकीतलं डिझेल तळाला लागत चाललं होतं, ते आपोआप बंद पडलं तर आणखीच वाईट. शेवटी त्याने मनाशी म्हटलं, पळण्यापेक्षा वाट पाहणं बरं, घरी जाईपर्यंत ती विसरून जाईल. त्याने आवाज दोनदा चढवला, दोनदा उतरवला आणि कळ ओढली.

ती विसरली नव्हती.

घरात शिरला तर चुलीजवळ पाट मांडलेला, ताट वाढलेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर फडक्यात झाकलेली. दगूबाई तव्यापुढून वळली, दिव्याच्या उजेडात त्याच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हेमू! उना का भाऊ? हातपाय धू. तुन्हा आबा कोठे शेत?"

हेमू. ज्या एका शब्दासाठी तो इतके महिने झुरला, तो शब्द असा समोर आला. चेतना दाराशी तोंडावर पदर धरून उभी राहिली. हेमकांतला वाटलं, हा एक क्षण इथेच थांबावा, पुढचं काही तिने विचारलेलंच नसावं.

"मांगून येतस," तो म्हणाला.

ती बसली. तो बसला. भाकरी निवत चालली. ती दर आवाजाला दाराकडे बघायची. "उनात का?" हेमकांतने तिला दोन घास खा म्हणून विनवलं. ती म्हणाली, "ते उना बिगर?" आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा म्हटलं नाही. अंधार झाला तशी ती अस्वस्थ झाली. "आवाज दोनदाव चढना ना रे? मी ऐका ना. मंग काबर नहीं उनात? वाटमा काही चावनं व्हई तेस्ले. हेमू, कंदील ले. चाल." ती उठलीसुद्धा. रोजची भीती होती तिच्या दुप्पट भीती आज तिच्या अंगात आली होती, आणि ती हेमकांतने स्वतःच्या हाताने आणली होती.

मग त्याला राहवेना. त्याने तिला दोन्ही खांद्यांनी धरून खाली बसवलं.

"माय, आबा नहीं येवावत. इंजिन मी बंद कयं. आबा गयात, माय. नंदुरबारले, दवाखानामा. तुन्ही मांडीवर गयात."

"कव्हय?" ती म्हणाली. कधी, एवढंच.

"मागे. लई दिवस व्हयनात."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग दुपारले अंगठा कोण धरेल व्हता?"

"मी, माय. मी धरेल व्हता."

तिने त्याचा हात ओढून घेतला. अंगठा उजेडात धरून पाहिला, तेलाने काळा झालेला. मग तो हात तसाच छातीशी धरून तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून गल्लीतल्या बायका चुली टाकून धावत आल्या. कोण गेलं म्हणून दारात विचारायला लागल्या. चेतना काय सांगणार? ती म्हणाली, "आबा गयात." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकही हसली नाही, एकही परत गेली नाही. त्या आत आल्या, दगूबाईला मध्ये घेऊन बसल्या आणि खरंच रडल्या. हेमकांतही रडला. आबा गेले तेव्हा लाकडं, गाडी, पाहुणे यांच्या धावपळीत त्याला रडायला मिळालं नव्हतं. ते सगळं त्याने त्या दिवशी मायच्या पायाशी बसून रडून घेतलं.

सकाळी दगूबाई उठली, चहा प्यायली. दुपारी ओट्यावर येऊन बसली. हेमकांत दाराआड जीव मुठीत धरून उभा होता. ऊन कललं. तिने नदीकडे कान लावला नाही. म्हशीकडे बघत शेंगा फोडत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. आता कडी लावावी लागत नव्हती. ती कुठे पळत नव्हती, काही विचारत नव्हती. चेतनाला ती बाई म्हणायची आणि हेमकांतला भाऊ. गावातले लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारी सुटली त्या भीतीतून. हेमकांतने मान डोलावली. त्याला हवं तेच झालं होतं, नाही का?

पण दुपारची ती वेळ झाली की तो कामं सोडून घरी यायला लागला. तिच्या समोर बसायचा आणि तिचा चेहरा उतरतोय का ते बघायचा. उतरायचा नाही. ज्याच्यासाठी भ्यावं असंही तिला आता कोणी उरलं नव्हतं. आबांचं तिच्यात जे काही शिल्लक होतं ते त्या भीतीतच होतं, हे हेमकांतला आता कळलं. आणि ते आपण आपल्या हाताने काढून टाकलं, हेही कळलं.

एका दुपारी तो एकटाच वावरात गेला. एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने कळ पाडत, बऱ्याच खटपटीने त्याने इंजिन सुरू केलं. चांगलं खणखणीत चालू दिलं. मग घरी फोन लावला.

"माय काय करी ऱ्हायनी?"

"बसेल शे," चेतना म्हणाली. "शेंगा खाई ऱ्हायनी."

"आवाज येस ना तठे?"

"येस ना. घरमा बी येस."

"काही बोलनी?"

"नहीं हो."

त्याने फोन खिशात घातला आणि आवाज न चढवता, न उतरवता, कळ एकदम ओढली. इंजिन घास अडकल्यासारखं थांबलं. तो शेडच्या बाहेर येऊन उभा राहिला आणि गावाकडून येणाऱ्या वाटेकडे बघायला लागला. म्हातारीला घाबरवायला निघालोय आपण, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो हलला नाही. ती अनवाणी पळत आली असती, तर त्याने उपरणं डोक्याला गुंडाळलं असतं. तिने आवो म्हटलं असतं, तर त्याने ओ दिली असती. आबा व्हायला सांगितलं असतं तर तो जन्मभर आबा झाला असता.

कापूस वेचून परतणारी सुगंधाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन त्या वाटेने आली. त्याला असा उभा पाहून थांबली.

"कोणनी वाट देखी ऱ्हायना, हेमूभाऊ?"

"मायनी," तो म्हणाला.

"दगूमायनी? ती तर ओटावर बसेल शे. मी आतेच तठून उनू. माले शेंगा दिध्यात तिनी." तिने पदरातल्या शेंगा त्याला दाखवल्या.

"येई," हेमकांत म्हणाला. "इंजिन बंद पडनं ना. येई ती."

सुगंधाबाई गाठोडं सावरून पुढे गेली, आणि तो वाटेकडे बघत राहिला.